वाचकांचे प्रश्न : गोठलेल्या जमिनीतली खाण

मागच्या अंकात कच्च्या हिऱ्यांविषयी लिहिताना कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधल्या खाणींचा उल्लेख ओझरता झाला होता. त्यावर बरीच पत्रं आली. रस्ता नाही, वीज नाही, वर्षातले बरेच महिने तळी गोठलेली, अशा ठिकाणी खाण उभी राहतेच कशी, हे बहुतेकांना विचारायचं होतं. त्यातली पाच पत्रं इथे घेतली आहेत.

मी बीकेसीतल्या भारत डायमंड बोर्समध्ये कच्च्या मालाचं असॉर्टिंग करतो. एकाटी, डायविक ही नावं रोज कानावर पडतात. पण त्या उजाड प्रदेशात हिरा आहे हे मुळात कळलं कसं? — वाचक, मीरा रोड

तिथे थेट हिरा शोधत कोणी फिरलं नाही, शोधले ते त्याचे सोबती. हिरा वर आणणाऱ्या किंबरलाइट खडकात पायरोप गार्नेट, क्रोमाइट, इल्मेनाइट आणि हिरवट क्रोम डायॉप्साइड ही खनिजं हिऱ्यापेक्षा हजारो पटींनी जास्त असतात. एक टन खडकात एक कॅरेट हिरा म्हणजे दहा लाख ग्रॅममध्ये ०.२ ग्रॅम. एवढ्याशा गोष्टीचा माग थेट काढता येत नाही, सोबत्यांचा काढता येतो.

हिमयुगातल्या बर्फाच्या थरांनी किंबरलाइटची डोकी खरवडली आणि तो चुरा शेकडो किलोमीटर वाहून नेला. म्हणून शोध उलट्या दिशेने, बर्फ जिकडून आला तिकडे, सरकत जातो. चार्ल्स फिप्के आणि स्टुअर्ट ब्लसन यांनी हेच केलं. पश्चिमेकडून माग काढत ते पूर्वेला लाक द ग्रा या तळ्याच्या परिसरात पोचले आणि १९९१ मध्ये पॉइंट लेकपाशी किंबरलाइट हाती लागला. एकाटी ही कॅनडाची पहिली हिऱ्याची खाण १९९८ मध्ये सुरू झाली, पण तिचा पहिला खड्डा पॉइंट लेकचा नव्हता, पांडा नावाच्या दुसऱ्या पाइपचा, म्हणजे जमिनीत उभ्या उतरलेल्या किंबरलाइटच्या खांबाचा होता. पहिला सापडलेला पाइप खाणीच्या लायक असेलच असं नाही, हे या धंद्यात नेहमी घडतं.

नमुना घ्यायची पद्धत अशी. बर्फाने आणून टाकलेल्या मातीला टिल म्हणतात. तिच्या पृष्ठभागावरचं शेवाळ बाजूला करून साधारण १० ते २० किलो टिल पिशवीत भरायची. प्रयोगशाळेत चाळून बारीक वाळूचा भाग वेगळा काढायचा, जड द्रवातून हलके कण तरंगवून टाकायचे आणि तळाशी बसलेले जड कण सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून चिमट्याने वेचायचे. जांभळट गार्नेट मिळालं की त्याचं रासायनिक विश्लेषण होतं. क्रोमियम जास्त आणि कॅल्शियम कमी निघालं तर ते हिरे तयार होतात तेवढ्या खोलवरून आलेलं असण्याची शक्यता चांगली.

कण वेचणाऱ्याची नजर आणखी एक गोष्ट शोधते. किंबरलाइटमधल्या गार्नेटवर काळपट, मऊ साल असते, तिला केलिफाइट म्हणतात. प्रवासात ती घासून निघून जाते. साल शाबूत असलेला कण मिळाला तर उगम जवळच आहे. कण गुळगुळीत, सालीशिवाय असेल तर अजून चालायचं आहे. शंभर पिशव्यांत सालवाला एक दाणा मिळाला तरी पुढच्या मोसमाचा सगळा आराखडा त्याच्याभोवती फिरतो.

चूक बहुधा बर्फाच्या दिशेत होते. वेगवेगळ्या काळात बर्फ वेगवेगळ्या बाजूंनी सरकला. उघड्या खडकावरच्या जुन्या-नव्या ओरखड्यांचा क्रम लावला नाही, तर पंख्यासारखा पसरलेला माग भलत्याच टोकाकडे नेतो. शेवटी पाइप सापडतो तो बहुतेकदा छोट्या गोल तळ्याखाली. किंबरलाइट आजूबाजूच्या ग्रॅनाइटपेक्षा मऊ, बर्फाने तो खोल खरवडला आणि खळग्यात पाणी साठलं.

मी निवृत्त स्थापत्य अभियंता आहे. गोठलेल्या तळ्यावरून ६० टनांचे टँकर जातात असं वाचलं. तळ्यावरच्या बर्फाची ताकद मोजतात कशी? — वाचक, मुलुंड

तुम्ही विचारलेला रस्ता यलोनाइफ या तिथल्या राजधानीजवळच्या टिबिट लेकपासून उत्तरेला जातो. १९८२ मध्ये ल्युपिन सोन्याच्या खाणीसाठी तो पहिल्यांदा बांधला. त्याचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग तळ्यांवरून जातो. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या अखेरीपर्यंत, म्हणजे साधारण आठ-दहा आठवडे तो चालू असतो, आणि दर वर्षी नव्याने करावा लागतो. वर्षभराचं डिझेल, सिमेंट, स्फोटकांचा कच्चा माल, टायर, सगळं तेवढ्या काळात वर पोचलं पाहिजे. २००७ मध्ये एका हंगामात जवळपास ११ हजार ट्रक गेले. त्याआधी २००६ चा हिवाळा उबदार गेला, रस्ता लवकर बंद पडला आणि राहिलेला माल विमानाने न्यावा लागला. त्यात खर्च तर कित्येक पट वाढतोच, शिवाय अवजड सुटे भाग विमानात मावतीलच याची खात्री नसते.

आता ताकद. प्राथमिक हिशेब सोपा आहे: बर्फाची सेंटिमीटरमधली जाडी तिनेच गुणायची, आलेल्या आकड्याला ४ ने गुणायचं, की किलोमध्ये वजन मिळतं. ५० सेंटिमीटरवर १० टन, १०० सेंटिमीटरवर ४० टन. जाडी दुप्पट झाली की भार चौपट. हा ४ चा गुणांक सावध आहे. जिथे जाडी सतत मोजली जाते, तडे रोज तपासले जातात, अशा देखरेखीखालच्या रस्त्यावर तो वाढवता येतो, आणि म्हणूनच १०५-११० सेंटिमीटरवर भरलेला मोठा टँकर सोडता येतो. सुरुवात मात्र ७० सेंटिमीटरच्या आसपास, अर्ध्यामुर्ध्या भाराने होते. मोजताना फक्त स्वच्छ, निळसर बर्फ पूर्ण धरायचा. भिजलेला हिम गोठून झालेला पांढरा बर्फ निम्माच धरतात.

जाडी वाढवायला आधी हिम बाजूला करतात, कारण हिमाचा थर गोधडीचं काम करतो आणि खालचा बर्फ वाढू देत नाही. पहिली फेरी हलक्या, पाण्यात तरंगू शकणाऱ्या गाडीची असते, मागे जमिनीतला थर दाखवणारं रडार ओढलेलं. त्यानंतर नांगर, मग पंपाने पाणी सोडून एकेक थर गोठवणं. पाण्याचा थर जाड सोडला तर वरचा पापुद्रा गोठतो, मधे पाणी अडकतं आणि रडारवर जाडी फसवी दिसते. म्हणून थर पातळ हवा आणि पुढचा सोडण्याआधी पूर्ण गोठलेला हवा.

तुमच्यासारख्या अभियंत्याला खरी गंमत वेगात वाटेल. ट्रकच्या वजनाने बर्फ किंचित वाकतो आणि त्याखालच्या पाण्यात लाट उठून ट्रकसोबत धावते. भाऊच्या धक्क्याकडे येणाऱ्या लाँचची लाट जशी धक्क्यावर आपटून परत फिरते, तशी ही लाट किनाऱ्यावर आपटून उलटते, फक्त तिच्या डोक्यावर बर्फाचं झाकण असतं. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो: ५ मीटर खोलीला सेकंदाला ७ मीटर, म्हणजे ताशी २५ किलोमीटर, २ मीटर खोलीला ताशी सुमारे १६. ट्रकचा वेग लाटेच्या वेगाशी जुळला की बर्फाचं वाकणं वाढत जातं आणि तो फुटतो. म्हणून भरलेल्या ट्रकला ताशी २५ ची मर्यादा, किनारा जवळ आला की १० वर यायचं, आणि किनाऱ्याशी काटकोनात नाही तर तिरकं चढायचं, म्हणजे परतलेली लाट ट्रकवर येत नाही. दोन ट्रकांत साधारण अर्धा किलोमीटर अंतर ठेवतात, नाहीतर दोघांच्या लाटा एकमेकांवर चढतात. आणि बंद पडलेला ट्रक तसाच उभा ठेवायचा नाही. वर दिलेला हिशेब चालत्या भाराचा आहे. थांबलेल्या वजनाखाली बर्फ हळूहळू खचत राहतो.

उणे ३५ तापमानात ड्रिलिंगचं पाणी गोठत नाही का? — भूशास्त्राची विद्यार्थिनी, कालिना

गोठतं, आणि हिवाळ्यात ड्रिलिंगचा खोळंबा बहुतेकदा यामुळेच होतो. तरीही हिवाळाच निवडतात, कारण तळ्याच्या मधोमध रिग उभी करायला तेव्हा पक्की जमीन मिळते आणि उन्हाळ्यातली दलदल तुडवावी लागत नाही.

भोकातून खडकाचा जो सलग दंडगोल काढतात तो कोअर. साध्या एनक्यू आकाराच्या कोअरचा व्यास ४७.६ मिलिमीटर, एचक्यूचा ६३.५. रॉड ३ मीटरचे. बिट, म्हणजे खडक कापणारं टोक, थंड ठेवायला आणि चुरा वर आणायला मिनिटाला साधारण ३० ते ४० लिटर पाणी फिरत राहतं. तळ्यातून येणारं पाणी हीटरमधून जातं. नळी सतत उताराने टाकलेली हवी, मधे झोळ पडला की तिथे पाणी साठून गुठळी धरते. पंप एकावर भागत नाही, दुसरा तयार ठेवतात. पंप बंद पडला तर दुरुस्तीची वाट न बघता रॉड वर काढायला घ्यायचे. आत पाणी गोठलं तर रॉड आणि भोक दोन्ही जातात.

कायम गोठलेल्या जमिनीत, म्हणजे पर्माफ्रॉस्टमध्ये, कॅल्शियम क्लोराइडचं मिठाचं पाणी वापरतात. १५ टक्क्यांचं द्रावण साधारण उणे १० पर्यंत गोठत नाही आणि जमीन उणे ५ च्या आसपास असेल तर तेवढं पुरतं. नवखे लोक ‘असू दे जास्तीचं’ म्हणून मीठ वाढवतात. मग खारं पाणी भेगांतला बर्फच वितळवतं, भोकाच्या भिंती ढासळतात आणि कोअरऐवजी हाती चिखल येतो. द्रावण करताना मीठ पाण्यात घालायचं, पाणी मिठात नाही, कारण विरघळताना बरीच उष्णता निघते.

एक मर्यादा लक्षात ठेवा. गोठलेल्या तळ्यातून हंगामभरात, बर्फाखाली उरलेल्या पाण्याच्या १० टक्क्यांपर्यंतच उपसा करता येतो. बाकीच्या पाण्यावर मासे हिवाळा काढतात. उपशाच्या तोंडाला जाळीही हवी.

परदेशी खाण कंपनीच्या पत्रकात ‘२० मीटर, टनाला ५ ग्रॅम सोनं’ असं वाचून पैसे गुंतवावेत का? — वाचक, विलेपार्ले

नुसत्या त्या ओळीवर नाही. त्याखालचं ‘यात १ मीटर, टनाला ९० ग्रॅम’ हे बारीक वाक्य शोधा. २० गुणिले ५ म्हणजे १००. त्यातले ९० एका मीटरचे. उरलेल्या १९ मीटरला १०, म्हणजे टनाला जेमतेम अर्धा ग्रॅम. शिवाय ही भोकाची लांबी आहे की थराची खरी जाडी, तेही बघा. भोक थराच्या कलाने गेलं असेल तर २० मीटरचे ५ होतात. १९९७ मध्ये ब्रे-एक्स या कॅनेडियन कंपनीच्या इंडोनेशियातल्या प्रकरणात नमुन्यांत सोनं मिसळल्याचं उघड झालं. त्यानंतर २००१ पासून कॅनडात एनआय ४३-१०१ हा नियम आहे: अहवालाला पात्र तज्ज्ञाची सही लागते, आणि ‘इन्फर्ड’, म्हणजे थोड्या नमुन्यांवरून अंदाजाने धरलेल्या साठ्याला ‘रिझर्व्ह’, म्हणजे काढणं परवडेल असं दाखवून दिलेला साठा, म्हणता येत नाही. पत्रकात सगळं ‘इन्फर्ड’ असेल तर खाण अजून खूप लांब आहे असं समजा.

जमीन कायम गोठलेली असेल तर खाणीचा कचरा आपोआप बंदिस्तच राहील ना? — वाचक, चेंबूर

असं मानून काय होतं त्याचं उदाहरण यलोनाइफच्या वेशीवर आहे. तिथली जायंट माइन १९४८ ते २००४ चालली. सोनं आर्सेनिकच्या खनिजात अडकलेलं होतं, ते भाजून काढलं जाई. भाजताना निघालेली २ लाख ३७ हजार टन आर्सेनिक ट्रायऑक्साइडची भुकटी जमिनीखालच्या दालनांत भरली, गोठलेली जमीन तिला धरून ठेवेल या भरवशावर. पण खाणकामानेच आजूबाजूचा खडक तापत गेला. ही भुकटी पाण्यात विरघळते आणि शेजारी ग्रेट स्लेव्ह लेक आहे. मालक कंपनी १९९९ मध्ये दिवाळखोर झाली आणि जबाबदारी सरकारवर आली. आता वीज न लागणाऱ्या थर्मोसायफन नळ्यांनी हिवाळ्याची थंडी खाली नेऊन दालनं गोठवायची योजना आहे. २०२२ चा अंदाज ४ अब्ज ३८ कोटी कॅनेडियन डॉलरचा, आणि तो करदात्यांनी भरायचा. पुढच्या कित्येक पिढ्यांनी या नळ्यांवर नजर ठेवायची, हे ओझं त्या सोन्याच्या किमतीत कुठेच धरलं नव्हतं.

शिवाय मोठ्या तळ्यांखालची जमीन गोठलेली नसते. तिथून खोलवरचं खारट पाणी खड्ड्यात शिरतं आणि ते सतत उपसून शुद्ध करावं लागतं.

आता परवान्याच्या वेळीच बंद करण्याच्या खर्चाची अनामत भरावी लागते. डायविकमध्ये गंधकयुक्त दगडाच्या ढिगावर दीड मीटर टिल आणि त्यावर तीन मीटर ग्रॅनाइटचं पांघरूण घालण्याची रचना आहे, म्हणजे उन्हाळ्यातलं वितळणं वरच्या थरातच थांबावं. हवामान तापत असताना तो हिशेब किती वर्षं टिकेल हे मोजायला ढिगात तापमान मोजणाऱ्या तारा पुरून ठेवतात. खाण बंद होताना पहिल्यांदा मागायची कागदपत्रं तीच, तारांच्या नोंदींची.

बॅथर्स्ट कॅरिबूंचा, म्हणजे उत्तरेकडच्या रेनडिअर हरणांचा, कळपही याच भागातून जातो. १९८० च्या दशकात त्यात ४ लाखांहून अधिक जनावरं होती, २०१८ मध्ये सुमारे ८ हजार उरली. खाणी हे एकमेव कारण नाही, पण रस्त्यावरची धूळ आणि रहदारी टाळत कळप वाट बदलतो हे दिसलेलं आहे. म्हणून कळप जवळ आला की ट्रक थांबवायचा, मग हंगामाचे किती दिवस उरले आहेत हे बघायचं नाही.