थेंबातला कौल

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

तुमच्या आयव्हीएफच्या (टेस्ट-ट्यूब बेबीच्या) लॅबमध्ये टाइम-लॅप्सचा, म्हणजे आतच कॅमेरा असलेला, इनक्युबेटर आल्याचा तुझा आनंद पत्रभर दिसला. मी शिकले तेव्हा भ्रूण पाहायचा तर डिश ३७ अंशांच्या उबेतून बाहेर काढावीच लागे, मग घाईघाईने पेशी मोजायच्या. आता डिश जागची हलत नाही आणि दर काही मिनिटांनी फोटो निघतो. एका पेशीच्या थेट तीन झाल्या, तर तेही तुझ्या नजरेतून सुटणार नाही. मात्र २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेली, पंधराशेंहून अधिक जणींची चाचणी वाच. टाइम-लॅप्समुळे मूल होण्याचं प्रमाण म्हणण्यासारखं वाढलं नाही. तेव्हा हमी म्हणून ते यंत्र कुणाला दाखवू नकोस.

भ्रूणातले गुणसूत्रांचे दोष शोधायला बायोप्सीऐवजी मीडियममधला, म्हणजे भ्रूण ज्या पोषक द्रवाच्या थेंबात वाढतो त्यातला, डीएनए तपासावा का, असं विचारलंस. बायोप्सीत लेसरने कवच उघडून भ्रूणाच्या पाच-दहा पेशी काढाव्या लागतात, मीडियम तर आपण एरवी फेकूनच देतो. म्हणून ही वाट मलाही मनापासून आवडते. पण स्त्रीबीजाला चिकटलेल्या क्युम्युलस पेशी नीट सुटल्या नाहीत, तर थेंबात आईचाच डीएनए उतरतो आणि सदोष भ्रूणाचा अहवालही निर्दोष येऊ शकतो. चौथ्या दिवशी भ्रूण धुऊन नव्या, लहान थेंबात ठेव. भ्रूण न ठेवलेला एक कोरा थेंब तपासणीला सोबत पाठव. हे कधीही चुकवू नकोस.

अहवाल उलटही चुकतो. एका लॅबमध्ये एकुलता एक ब्लास्टोसिस्ट (पाच-सहा दिवसांचा भ्रूण) केवळ मीडियमच्या अहवालावर टाकून दिलेला मी पाहिला. कोरा थेंब पाठवलाच नव्हता. बाई ४१ वर्षांची होती. ते मला अजून सलतं. कुठला भ्रूण आधी गर्भाशयात सोडायचा, हे ठरवायला हा अहवाल वापर. टाकून द्यायला नको. शंका असेल तर गोठवून ठेव.

आपल्याकडची कितीतरी जोडपी ट्रान्सफरआधी, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडण्याआधी, देवीला कौल लावून येतात. उजवं फूल पडलं की मनाला धीर येतो. आपला कागदही ती त्याच डोळ्यांनी वाचतात. म्हणून तो नुसता हातात देऊ नकोस. शेजारी बसून, यात काय कळतं आणि काय कळत नाही, ते त्यांच्या भाषेत सांग. घाई करू नकोस, त्यांना पुन्हा विचारू दे.

चवथीला घरी येशील तेव्हा डिशचे फोटो घेऊन ये. पिपेटने क्युम्युलस कशा सोडवतेस, ते मला बघायचंय.

तुझी,
मावशी