हाताने चालवली की चालते, क्रॉनमधून बिघडते: तीच स्क्रिप्ट असं का करते?

तुमची स्क्रिप्ट उबुंटूच्या टर्मिनलमध्ये नीट चालते आणि क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीतून, ‘सोर्स’ (दुसरी फाइल वाचून घेणारी कमांड) सापडत नाही म्हणून अडते, असं तुम्ही लिहिलंय. पहिल्या ओळीत शेलचं, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं, नाव नाही ना? मग टर्मिनलमध्ये ती बॅश नावाचा शेल चालवतो आणि क्रॉनमध्ये एसएच. उबुंटूत 2006 च्या 6.10 पासून एसएच म्हणजे डॅश हा दुसरा शेल. लहान, चपळ, पण बॅशचे लाड त्याला ठाऊक नाहीत.

मी यवतमाळकडच्या एका जिनिंगवर काट्याचा हिशेब पाहतो. कापसाची वजनपावती छापायला स्क्रिप्ट केली होती, त्यात ‘इको वजा-ई’ (इको म्हणजे मजकूर छापायची कमांड). ऐन हंगामात ती क्रॉनवर टाकली आणि प्रत्येक पावतीच्या डोक्यावर ‘-ई’ छापून यायला लागलं. एक काका म्हणाले, “हे काय होय जी? वजन कापलं काय?” उत्तर द्यायला मला रात्र लागली. बॅशच्या इकोला वजा-ई हा पर्याय कळतो. डॅशचा इको उलट्या तिरप्या रेघेने लिहिलेल्या खुणांचा (जसं नवी ओळ) अर्थ आपणहून लावतो आणि वजा-ई साधा मजकूर समजून छापतो. तेव्हापासून मी प्रिंटएफ ही छापायची दुसरी कमांड वापरतो. साध्या छपाईला ती दोन्हीकडे सारखी वागते.

आता अंगभूत, म्हणजे शेलच्या आतच असलेल्या, कमांडचं. फोल्डर बदलणारी ‘सीडी’ शेलच्या आतच का असते? बाहेरचा प्रोग्रॅम वेगळी प्रोसेस म्हणून चालतो, त्याने स्वतःचा फोल्डर बदलला तरी शेल आहे तिथेच राहतो. गडी वावरात गेला म्हणून मालक वावरात पोचत नाही! सोर्सचंही तसंच, फाइलमधले व्हेरिएबल (नावाने साठवलेली माहिती) चालू शेलमध्येच यायला हवेत. इको मात्र आतही असतो आणि डिस्कवरही. बॅशमध्ये ‘टाइप वजा-ए इको’ द्या, दोन्ही दिसतील. उबुंटूत ‘व्हिच’ या कमांडला विचारू नका, तो फक्त फायली शोधतो.

(मॅकवर 2019 च्या कॅटालिनापासून नव्या खात्याला झेडएसएच हा आणखी वेगळा शेल मिळतो. तिथे अ‍ॅरे, म्हणजे यादीतल्या गोष्टी, 1 पासून मोजतात, बॅशमध्ये 0 पासून. माझ्या भाच्याचा एक रविवार यातच गेला.)

तुमच्यासाठी सोपं म्हणजे पहिल्या ओळीत ‘#!’ लिहून लगेच बॅशचा पत्ता लिहा (#!/bin/bash), फाइलला चालवायची परवानगी द्या आणि क्रॉनमध्ये थेट तिचाच पत्ता टाका. आधी एसएच लावलं तर ती ओळ वाया जाते. डॅशच ठेवायचा असेल तर सोर्सच्या जागी नुसता टिंब द्या, पण पुढे फाइलचा पूर्ण पत्ता हवा. नुसतं नाव दिलं तर डॅश चालू फोल्डरात बघतच नाही.