अख्खा पाहिल्याशिवाय बोलू नकोस

प्रिय लेकरा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल दुपारपासून तीनदा वाचलं. ‘आताच्या सिनेमात दमच राहिला नाही, मग नाट्यशास्त्र शिकून करू काय?’ असं विचारतोस. संभाजीनगर सोडून पुण्याला स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जावं म्हणतोस. क्लासचं तू आणि तुझे वडील बसून ठरवा. मला एवढंच सांग, या वर्षी पाट्या पडण्यापासून दिवे लागेपर्यंत तू किती सिनेमे पाहिलेस? मोबाईलवर दीडपट पळवलेले धरू नकोस. रील्समधले तुकडे तर नाहीच नाही.

सिनेमा अख्खा पाहावा. मग काय नावं ठेवायची ती ठेव.

जुन्या जमान्यात सिनेमे चांगलेच असायचे असं तू लिहिलंस, ते वाचून जीव तुटला, कारण तो जमाना मी मशीनखोलीच्या चौकोनी भोकातून पाहिला आहे. परभणी जिल्ह्यातल्या एका टॉकीजात चोवीस वर्षं ऑपरेटर होतो. १९७५ म्हटलं की लोक ‘शोले’चं नाव घेतात, फार तर ‘जय संतोषी माँ’चं. त्या वर्षीचे बाकीचे कुठे गेले? आमच्याकडे दर आठवड्याला सिनेमाच्या रिळांची पेटी बदलायची. दिवसाला चार खेळ मी माझ्या हातांनी चालवायचो, तरी त्यातल्या बहुतेकांची नावं आज मला आठवत नाहीत. गाळ तेव्हाही होता बाबा. चाळणीतून खाली गेला, एवढंच. आजचा अजून चाळायचा आहे.

आणि मराठीचं म्हणशील, तर ‘श्यामची आई’ला १९५४ साली राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा तो मान मराठीकडे परत यायला २००४ सालचा ‘श्वास’ यावा लागला. मधली पन्नास वर्षं, ज्यांना आपण सोन्याची म्हणतो, ती कोरडी गेली. पुढच्या तेरा वर्षांत ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि ‘कासव’ अशी तीनदा बाजी मारली. पुरस्कार म्हणजे सगळं नव्हे, हे मलाही कळतं. पण घसरण घसरण म्हणतोस, तर हे कुठे बसवणार?

तुझी एक तक्रार मात्र मान्य. मराठी सिनेमाला खेळ मिळतो सकाळचा, कामधंद्याच्या वेळचा. गावात नाव पसरेस्तोवर तो उतरलेला असतो. जवळचं टॉकीज बंद, जालन्या-लातूरला जायचं तर एसटीचं भाडं तिकिटाच्या वर. त्यात दोष आहेच, पण तो सिनेमाच्या दर्जाचा नाही.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते सांगतो. एका उन्हाळ्यात एक संथ मराठी सिनेमा लागला होता. त्यात एक बाई विझलेल्या चुलीपुढे बसून राहते. बोलत नाही, गाणं नाही, नुसती राखेत बोट फिरवते. पहिल्याच दिवशी पब्लिकनं शिट्ट्या मारल्या. मालक वर आला आणि म्हणाला, ‘काट दे, शेवटचा खेळ वेळेत सुटेल.’ मी ब्लेड घेतलं, तुकडा काढला, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून जोड दाबला. दोन मिनिटांचं काम. रात्री एक म्हातारी जिन्याशी थांबली होती. ‘दादा, तिचं लेकरू गेलं कधी? काहीच कळलं नाही, भिकार सिनेमा.’ लेकरू गेलेलं त्या राखेतच कळत होतं. गावभर सिनेमाचं नाव खराब झालं, ते माझ्या ब्लेडनं. मी पगारी माणूस होतो, घरी तीन लेकरं होती, नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुसरा ऑपरेटर आला असता. हे सगळं खरं आहे. तरी त्या म्हातारीला मी जिन्यावर खरं सांगू शकलो असतो. सांगितलं नाही.

म्हणून अख्खा पाहा म्हणतो, तुला राग आला तरी म्हणतो. तू बोटानं पुढे ढकलतोस तेव्हा तेच ब्लेड तुझ्या हातात असतं. पहिल्या वीस मिनिटांत कंटाळा आला, तरी बसून राहा. कशाचा कंटाळा आला ते वहीत लिही. कुठला सीन लांबला, कुठे आवाजानं नुसतं दडपलं, कुठे लिहिणाऱ्यालाच काही सुचलेलं नव्हतं. असे पन्नास सिनेमे पाहा. त्यानंतरही दर्जा घसरला असं वाटलं, तर वही घेऊन ये. माझ्याशी भांड. मी ऐकून घेईन, हरलो तर कबूल करीन. पण वही कोरी ठेवून शिक्षण सोडणार असशील, तर मला विचारू नकोस.

तो तुकडा मी टाकला नाही. बिस्किटाच्या डब्यात आहे, डबा उघडला की जुन्या फिल्मला सुटतो तो शिरक्याचा वास येतो. दिवाळीत आलास की अंगणात उन्हाकडे धरून दाखवतो. कडा आखडल्या आहेत, पण बाईचं बोट अजून दिसतं.

तुझा,
काका