गावोगावी मुलाखती शूट करायला बॅटरीवर चालणारा एलईडी लाइट कोणता घ्यावा?

आधी सीआरआय बघा (या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा), वॅट नंतर. ९५ किंवा त्याहून जास्त हवा, आणि त्यातही आर९ म्हणजे गडद लाल रंगाचा आकडा विचारा. तो कमी असला की सावळी त्वचा हिरवट, निस्तेज दिसते, कुंकू विटकरी होतं. एडिटिंगमध्ये हे धड सुधारत नाही.

बायकलर घ्या, म्हणजे उजेड पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत बदलता येणारा. ओसरीवर बाहेरचा उजेड असतो तेव्हा ५६०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप), रात्री घरात पिवळा बल्ब असेल तर ३२०० च्या आसपास. एका माणसाच्या मुलाखतीला ६० वॅटचा लाइट आणि छोटा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी, लाइटपुढे लावायची कापडी पेटी) पुरतो. सॉफ्टबॉक्स चेहऱ्याच्या जितका जवळ आणता येईल तितका आणा, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. भर उन्हात मात्र यातलं काहीच चालत नाही. सरळ झाडाच्या सावलीत बसवा.

बॅटरीचं गणित: अशा लाइटला लागणारी एनपी-एफ९७० बॅटरी साधारण ४७ वॅट-तासांची. ३० वॅटवर दीड तास, ६० वर पाऊण. म्हणजे जास्तीच्या बॅटऱ्या सोबत ठेवा. विमानाने जाणार असाल तर सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेतच.

दुकानात दोन गोष्टी तपासाच. पूर्ण ब्राइटनेसवर पंख्याचा आवाज (कॉलर माइक तो हमखास पकडतो), आणि १० टक्क्यांवर आणून मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये फ्लिकर, म्हणजे उजेडाची लुकलुक. लखलखला तर परत ठेवा, किंमत कितीही कमी असो.

स्टँडला मातीची पिशवी बांधायला विसरू नका, माळावर वारा असतो.