रविवार विकू नकोस

वेंगुर्ला, ऑक्टोबर 2026

प्रिय बाय,

तुझा मेसेज दोनदा वाचला. जर्मनीत स्टुटगार्टला जाऊन तीन महिने होत आले, कागदपत्रं मार्गी लागली, हॉस्पिटलच्या वॉर्डातली माणसं बरी आहेत, आणि तरी रविवारची दुपार खायला उठते, असं लिहिलंयस. हे आईला सांगितलेलं नाही, असंही खाली लिहिलंयस. मोबाईलवर चार ओळींत याचं उत्तर मावणार नाही, म्हणून हे पत्र. सवडीने वाच.

कागदपत्रांचं आधी उरकून टाकते. खोली बदललीस तर नवीन पत्त्याची नोंद दोन आठवड्यांत करायची, हे तुला ठाऊक आहेच. ठाऊक नसेल ते सांगते. घराचं डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि भाडेकरू ते तीन मासिक हप्त्यांत देऊ शकतो. कायदाच आहे तसा. घरमालक आपणहून बोलणार नाही, तू बोल. रेडिओ-टीव्हीची वर्गणी माणशी नसते, घरामागे असते. तुम्ही तिघी एका घरात राहता, म्हणजे एकीने भरायची आणि वाटून घ्यायची. दुसऱ्याचं आपल्या हातून झालेलं नुकसान भरून देणारा विमा काढला नसशील तर या आठवड्यात काढ. स्वस्त असतो, आणि तिकडे तो नाही म्हटलं की लोक चमकून बघतात. जिवावरचं दुखणं असेल तर 112, रात्री ताप भरला आणि दवाखाने बंद असले तर 116117. तू नर्स असलीस तरी हे नंबर स्वतःसाठीही असतात, हे नर्सबायाच विसरतात. आणि आजारी असलीस तर ड्युटी सुरू होण्याआधी फोन करून सांग आणि झोप. ताप अंगावर काढून कामावर गेलं की इकडे कौतुक होतं. तिकडे चार पेशंटांना ताप दिला म्हणून बोलणी बसतात, आणि ती बरोबरच असतात. रजेवर असताना आजारी पडलीस तर डॉक्टरचा दाखला घे, ते दिवस रजेतून कापता येत नाहीत.

आता रविवार.

तिकडचा रविवार आपल्या बाजूचा नव्हे. आपल्याकडे रविवारी मासळीबाजारात पाय ठेवायला जागा नसते, दुपारी जेवण अंगावर येतं, संध्याकाळी कोणीतरी टपकतंच. तिकडे दुकानं बंद, कपडे वाळत घातले तरी शेजारीण बघते, भिंतीत खिळा ठोकायचा नाही, काचेच्या बाटल्या डब्यात टाकायला जायचं नाही. हा निव्वळ खडूसपणा नाही गो. रविवार आणि सणाचे दिवस कामापासून विसाव्याचे राहतील, हे कलम 1919 च्या वायमार घटनेत होतं आणि आजच्या जर्मन घटनेने ते जसंच्या तसं ठेवलंय. म्हणजे तू बसून आहेस तसा तो अख्खा देशच त्या दिवशी बसलेला असतो. फक्त तो आपल्या माणसांत बसलेला असतो आणि तू खोलीत एकटी.

यावर तिथल्या बऱ्याच नवीन मुली एक उपाय काढतात. रविवारची ड्युटी मागून घेतात. भत्ता वाढीव, त्यातला ठरावीक मर्यादेपर्यंतचा करमुक्त, शिवाय खोलीत बसावं लागत नाही. दिसायला सोनं आहे. मी तुला निक्षून सांगते, हे करू नकोस. ठरलेल्या पाळीने येतात ते रविवार कर, पण मागून घेऊ नकोस. कायद्याने वर्षात निदान 15 रविवार तुला मोकळे मिळायलाच हवेत, आणि रविवारी काम केलंस तर बदली सुट्टीही. पण मंगळवारी मिळालेल्या बदली सुट्टीला तुझ्यासोबत मोकळं कोण असतं? कोणी नाही. तिथल्या माणसांची मैत्री रविवारी होते. जंगलातून लांब चालायला जाणं रविवारी, तीन-साडेतीनला कॉफी आणि केक रविवारी, गायनाच्या मंडळाची सहल रविवारी. भत्त्यासाठी तो दिवस विकलास तर पाच वर्षांनी तुझं जर्मन उत्तम झालेलं असेल आणि घरी बोलावणारं एकही माणूस नसेल. अशा बाया मी पाहिल्यात. खात्यात पैसे आहेत आणि सुट्टीत फक्त झोपतात.

मग करायचं काय? तिकडे प्रत्येक गोष्टीचं नोंदवलेलं मंडळ असतं, फेराइन म्हणतात. डोंगर चढणाऱ्यांचं, बागा करणाऱ्यांचं, बॅडमिंटनचं, गाण्याचं. एक निवड. दोन नकोत. तू शाळेपासून भजनात पुढे बसायचीस, तर गाण्याचं बघ. स्वर मिळाला की व्याकरणाच्या चुका कोणी मोजत नाही. पहिले काही आठवडे कोणी फारसं बोलणार नाही. स्वाबियन माणूस, म्हणजे त्या भागातला, आखडू वाटतो, तो वेळ घेतो. शिवाय तू शिकलीस पुस्तकी जर्मन, आणि पेशंट म्हातारे बोलतात स्वाबियन, तिथली बोली. पुण्यात मराठी शिकलेल्याला थेट मालवणच्या बंदरावर आणून सोडावं, तशी तुझी गत आहे. कान सरावतो. समजलं नाही तर मान डोलवू नकोस, परत विचार. औषधाच्या बाबतीत तर नक्कीच.

आपल्या लोकांचे ग्रुप आहेत तेही सोडू नकोस, खोली शोधायला आणि कर भरायच्या वेळी त्यांच्यासारखा आधार नाही. 2024 मध्ये महाराष्ट्राने तुझ्या स्टुटगार्टच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून त्या बाजूला जाण्याचं बोलणं आपल्याकडच्या खेड्यांतूनही ऐकू येतं. मंडळी वाढतील. पण प्रत्येक मोकळा दिवस त्यांच्यातच गेला, तर तू चुलत्याच्या खोलीतून निघून दुसऱ्या चुलत्याच्या खोलीत गेलीस एवढंच होईल.

शेजारपाजारचं थोडं. जिन्यावर तुमच्या दाराला पाटी लागली की त्या आठवड्यात जिना आणि अंगण झाडण्याची पाळी तुमची. ते चोख कर, त्या भागात माणसाची किंमत यावरून ठरते, हसू नकोस. खिडकी दिवसातून दोन-तीनदा सताड उघडायची, पाच-दहा मिनिटं, बाहेर बर्फ असला तरी, आणि मग बंद. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या साड्यांना बुरशी येते ती बाहेरच्या ओलीने. तिकडे हिवाळ्यात भिंतीला येते ती आतल्या भाताच्या वाफेने, आणि घर सोडताना तिचे पैसे डिपॉझिटातून कापतात. सुकट भाजायची असेल तर खिडकी उघडून, कामाच्या दिवशी सकाळी, सगळे बाहेर असताना. खाऊच नकोस असं मी म्हणणार नाही. सुकटीशिवाय पेज कशी जाणार?

आता सुट्ट्या. त्या राज्यात वर्षाला 12 सार्वजनिक सुट्ट्या आहेत, जर्मनीच्या मानाने बऱ्याच. पण शनिवार-रविवारी आली की गेली, सोमवारी भरून देत नाहीत. यंदा 3 ऑक्टोबर, त्यांचा एकीकरणाचा दिवस, शनिवारी गेला. 1 नोव्हेंबर रविवारी जाणार, 26 डिसेंबर पुन्हा शनिवारी. लोक कुरकुरत असतील, तूही जरा कुरकुर. एकत्र कुरकुरल्याने ओळख वाढते.

दिवाळी यंदा बरोबर तुझ्या अडचणीच्या दिवशी आली आहे. नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन दोन्ही 8 नोव्हेंबरला, रविवारी. पहाटे अभ्यंग कर, कारीट मिळणार नाही, ते सोड. मग पोहे कर, आपले सगळे प्रकार जमले नाहीत तरी गोडे, तिखट आणि दह्यातले तीन होतील. खालच्या मजल्यावरच्या आजींबद्दल लिहिलंयस ना, त्यांना अकरा वाजता बोलाव. आठवडाभर आधी बोलाव, आदल्या रात्री नव्हे. त्या अकराला पाच कमी असताना दारात उभ्या राहतील, तेव्हा केस पुसत दार उघडू नकोस. फटाके अर्थातच नाहीत. तिकडे ते वर्षाच्या शेवटच्या तीन दिवसांत विकतात आणि 31 डिसेंबर, 1 जानेवारीलाच उडवतात. तीन दिवसांनी, 11 नोव्हेंबरला, आपली भाऊबीज आणि त्यांचा संत मार्टिनचा दिवस एकाच तारखेला आहेत. संध्याकाळी पोरं कंदील घेऊन गाणी म्हणत रस्त्याने जातात. भावाशी व्हिडिओ कॉल दुपारीच उरक आणि ती मिरवणूक बघायला खाली उतर.

29 नोव्हेंबरपासून चार रविवार आडव्हेंटचे, म्हणजे नाताळाच्या तयारीचे. वॉर्डात बिस्किटांच्या थाळ्या फिरायला लागतील, प्रत्येक घरची वेगळी. आपल्या फराळाच्या ताटासारखंच हिशोब ठेवतात बरं, कुणाची आली आणि कुणाची नाही. तू काजूची वडी ने. वाढदिवसाचंही लक्षात ठेव. ज्याचा वाढदिवस त्यानेच केक न्यायचा, आणि दिवस उजाडायच्या आधी शुभेच्छा द्यायच्या नाहीत, अपशकुन मानतात.

नाताळात ड्युटी लावतील का, हे तू घाबरून विचारलंयस. मी म्हणते, 24 ची संध्याकाळ तूच माग. हा रविवार विकण्याचा प्रकार नव्हे, ही देवाणघेवाण. 24 तारीख कागदोपत्री सुट्टी नाही, पण दुकानं दुपारी बंद होतात आणि सगळा देश घरात शिरतो. पोरंबाळं असलेल्या बायकांना ती संध्याकाळ सोन्याची असते, आणि पहिल्या वर्षी तुला ती खोलीत काढणं जड जाईल. वॉर्डात दिवे असतात, गाणी असतात, घरी जाऊ न शकलेले म्हातारे असतात. पण मागताना तिथल्या तिथे सांग, तोंडावर, हसून: नाताळ मी सांभाळते, गणपतीला मला रजा हवी. तिकडे स्पष्ट बोललेलं उद्धट ठरत नाही. मनात ठेवलेलं मात्र कोणी ओळखत नाही. मुकाट्याने उपकार करत राहिलीस तर परतफेड येणार नाही, आणि तू मनात कुढत बसशील.

कारण एक सण तू राखायचा आहेस. एकच, पण पुरा. आपल्या चाकरमान्यांनी तेच केलं. गिरगाव-लालबागच्या खोल्यांत दाटीवाटीने राहिले, गिरणीच्या भोंग्यावर उठले-बसले, वर्षभर मुंबईच्या सुट्ट्या घेतल्या, आणि चतुर्थीला मात्र बोट, एसटी, रेल्वे, मिळेल त्याने घर गाठलं. प्रत्येक एकादशी, प्रत्येक संकष्टी खोलीत साजरी करत बसले असते तर मुंबईत रुजलेच नसते. परदेशात उलटं होतं. माणसं वीस सण हॉल भाड्याने घेऊन अर्धे-अर्धे करतात, फोटो काढतात, थकतात. मला ते हॉलमधले कार्यक्रम कधी भावले नाहीत, पण तो माझा स्वभाव.

यंदाची चतुर्थी तुझी वॉर्डात गेली. पुढच्या वर्षी ती 4 सप्टेंबरला, शनिवारी आहे. रजा कायद्याने आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याला वर्षाला किमान 20 दिवस असते, तुझ्या करारात बहुधा जास्त असेल, बघ. घरी येणं परवडलं तर ये, गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधायला हात हवेच आहेत. तिला टांगायची कवंडळं आणि सुपारीचा घड आणायला रानात जाणारी पोरं आता कमी झालीत. परवडलं नाही तर तिथेच कर: शाडूची वीतभर मूर्ती, विसर्जन बादलीत, नदीत नाही. मोदकांना साधं तांदळाचं पीठ घे. आशियाई दुकानात शेजारीच चिकट तांदळाचं असतं, त्याची पारी टाळूला चिकटते. खोबरं खवलेलं, गोठवलेलं मिळतं. आणि ज्यांनी तुला ड्युटी बदलून दिली त्यांना जेवायला बोलाव.

इकडून येणाऱ्याबरोबर काय पाठवू, असं आई विचारत होती. मी तिला सांगितलंय: दुधाचं काही नाही, म्हणजे पेढे नाहीत, तूप नाही. कढीपत्त्याची डहाळी नाही, हापूसही नाही, ताज्या फळाला रोगमुक्तीचा दाखला लागतो. नारळाला मात्र तो लागत नाही. केळं, अननस, खजूर, ड्युरियन आणि नारळ एवढ्यांनाच ती सूट आहे. आमसुलं, मालवणी मसाला आणि काजू येतील.

पैशांचं. घरी पाठव, पण तीन महिन्यांचं भाडं आणि एक विमानाचं तिकीट एवढं बाजूला पडेपर्यंत ठरलेल्या रकमेच्या वर पाठवू नकोस. भावाच्या गाडीचा विषय निघालाय असं कानावर आलं. त्याला म्हणावं पुढच्या वर्षी. तुला जड जात असेल तर माझं नाव पुढे कर, मावशी रागावली म्हणून सांग.

25 ऑक्टोबरला तिकडची घड्याळं एक तास मागे जातील, मग आपल्यात साडेतीनऐवजी साडेचार तासांचं अंतर. रात्रीच्या ड्युटीवरून सुटून फोन केलास तर आई तेव्हा दुपारच्या स्वयंपाकात असते. दुपारच्या पाळीनंतर करू नकोस, इकडे मध्यरात्र उलटलेली असते आणि ती फोन वाजला की दचकते. आणि तिला रविवारचं सांग. तिचं माहेर परुळ्याचं, लग्न होऊन इथे आली तेव्हा तीही वर्षभर मागच्या पडवीत बसून असायची. तुला वाटतं तितकी ती घाबरणार नाही.

पुढच्या वर्षीच्या रजेचा तक्ता बऱ्याच वॉर्डांत याच दिवसांत फिरतो. सोमवारी हेडनर्सला विचार, सप्टेंबरचा पहिला आठवडा लिहून ये, आणि तारखा मला कळव. तिकीट आत्ता बघितलं तर स्वस्त पडेल.

तुझी,
मावशी