पहिली कादंबरी लिहिणाऱ्यास
स्फूर्तीची वाट पाहण्याआधी लिहिण्याची वेळ ठरवा, असे मी तुम्हाला सुचवेन. जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी कादंबरीचे काम चालू असताना पहाटे ४ वाजता उठून पाच-सहा तास लिहितात आणि पानागणिक चारशे अक्षरे मावणाऱ्या जपानी लेखन-कागदाची १० पाने झाली की, पुढचे सुचत असले तरी, थांबतात. हे थांबणेच मला सर्वांत अवघड गेले. पहिल्या कादंबरीच्या वेळी ते टोकियोत जाझ बार चालवत होते, त्यामुळे वेळ नसल्याची सबब जरा जपूनच सांगावी. तिची सुरुवात त्यांनी आपल्या तोकड्या इंग्रजीत लिहून स्वतःच जपानीत आणली आणि त्यातून त्यांना साधी, आटोपशीर शैली सापडली. तुम्हीही आवडत्या परभाषिक लेखकाचे एखादे प्रकरण मराठीत अनुवादून पाहा. त्याचे वाक्य कसे उभे राहते, ते हाताला कळते.