सोळा महिन्यांत आरएन (रजिस्टर्ड नर्स) होता येतं का, असं विचारलंस म्हणून

अगं पोरी,

अनेक आशीर्वाद.

मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत तू इथल्या, अमेरिकेतल्या त्या नर्सिंग कोर्सचं ब्रोशर माझ्यापुढे धरलंस, तेव्हा माझ्या एका हातात ताट होतं आणि दुसऱ्यात ताकाचा ग्लास. 'काकू, सोळा महिन्यांत आरएन. करू का?' उभ्याउभ्या काय सांगणार? आज सकाळी नाइट ड्यूटी करून आले, झोप लागेना, म्हणून लिहायला बसले.

असोसिएट, म्हणजे दोन वर्षांच्या डिग्रीवर आरएन होता येतं, त्यात खोटं काही नाही. एनक्लेक्स ही परवान्याची परीक्षा असोसिएटवाल्यांना आणि चार वर्षांच्या बीएसएनवाल्यांना (नर्सिंगच्या बॅचलर्सवाल्यांना) एकच, परवानाही एकच. ही वाट कमअस्सल आहे असं आपल्याकडची काही मंडळी नाक मुरडून सांगतील, त्यांचं ऐकू नकोस. महायुद्धानंतर अमेरिकेत नर्सेसचा तुटवडा होता, तेव्हा कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजमधल्या मिल्ड्रेड माँटाग यांनी ती आखली आणि 1952 मध्ये तिचा प्रयोग सुरू झाला. माझ्या फ्लोअरवर आयव्ही लावायला सगळ्यात सफाईचा हात जिचा आहे, ती असोसिएटवालीच आहे.

खटकतो तो 'सोळा' हा आकडा. घाईच्या कोर्समध्ये विषय कमी होत नाहीत, क्लिनिकल, म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रात्यक्षिकही तेवढंच करावं लागतं. कमी होतात त्या सुट्ट्या आणि दोन परीक्षांमधला श्वास. शिवाय मोजायला सुरुवात कुठून केलीय तेही बघ. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, मायक्रोबायोलॉजी, स्टॅटिस्टिक्स, इंग्लिश आणि टीज किंवा हेसीसारखी प्रवेशपरीक्षा, हे बहुतेक ठिकाणी आधी उरकायचं असतं. रिक्षावाल्याने अर्धा रस्ता काटल्यावर मीटर टाकावा, तसं आहे हे. आणि बऱ्याच कॉलेजांत पाच-सात वर्षांपेक्षा जुने सायन्सचे क्रेडिट चालत नाहीत. कोल्हापुरात बी.एस्सी.ला तीन वर्षं तू ग्रॅम स्टेनिंग (जंतू रंगवून ओळखणं) करत होतीस, तेच इथे पैसे भरून पुन्हा करावं लागेल. मनाची तयारी ठेव.

मी 2009 मध्ये अशाच झटपट कोर्सला बसले होते. कॉलेजचं नाव सांगत नाही. मेड-सर्जला (मोठ्यांचे आजार आणि ऑपरेशनं यांच्या नर्सिंगचा विषय) पास व्हायला 77 लागत होते, मला 76.4 पडले. आपल्याकडे 60 ला फर्स्ट क्लास म्हणून पेढे वाटतात. इथे 76.4 म्हणजे नापास. तो विषय पुढची बॅच तिथवर पोचेपर्यंत परत मिळेना. सोळाचे पंचवीस महिने झाले आणि फी दोनदा भरली. झालं काय होतं, तर मुलाला आठवडाभर ताप. दोन वर्षांच्या कोर्समध्ये एक आठवडा बुडाला तर भरून काढता येतो, माझ्या कोर्समध्ये त्या आठवड्यात अख्खं हृदय शिकवून झालं होतं.

दुसरी गोष्ट तुला ब्रोशरमध्ये सापडणार नाही. नर्सिंगच्या परीक्षेत चार पर्याय देतात आणि पुष्कळदा चारही बरोबर असतात. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पेशंटला अचानक धाप लागलीय. ऑक्सिजन लावशील, डॉक्टरांना फोन करशील, खाटेची डोक्याची बाजू वर करशील की स्टेथोस्कोप घेऊन छाती ऐकशील? चारही करायचंच आहे, पण आधी काय? खाट वर करायला दोन सेकंद लागतात आणि श्वासाला लगेच मदत होते, म्हणून ती आधी. पाठांतरावर वाढलेल्या माझ्यासारखीला हा विचार अंगात मुरायला चार महिने लागले. झटपट कोर्समध्ये तेवढा वेळ मिळत नाही, म्हणून हुशार मुलीसुद्धा तिथे आपटतात. तू हुशार आहेस म्हणूनच हे सांगतेय.

कॉलेजात गेलीस की एनक्लेक्स पास होण्याची टक्केवारी विचारू नकोस, ती राज्याचं नर्सिंग बोर्ड छापतंच. विचार, बॅचला किती जणी बसल्या आणि ठरल्या वेळेत किती बाहेर पडल्या. काही कॉलेजं शेवटी स्वतःची एक परीक्षा घेतात आणि कच्च्या मुलींना एनक्लेक्सपर्यंत पोचूच देत नाहीत. मग आकडा चकचकीत राहतो आणि मधेच गळालेल्या मुली त्यात मोजल्याच जात नाहीत. उत्तर देताना समोरचा अडखळला तर चहा पिऊन परत ये. बोर्डाची मान्यता आणि एसीईएनसारख्या संस्थेचं ॲक्रिडिटेशन (कोर्सच्या दर्जाची मान्यता), दोन्ही स्वतः वेबसाइटवर तपास. त्यात कंटाळा करू नकोस. 2023 च्या जानेवारीत फ्लोरिडातलं प्रकरण उघडकीला आलं, 7,600 हून जास्त बनावट नर्सिंग डिप्लोमा विकले गेले होते. तिथेही लवकर मिळतंय म्हणूनच लोक गेले असणार.

आता तू न विचारलेलं सांगते. तुझी बी.एस्सी. झालेली आहे. दुसऱ्या विषयाची पदवी असलेल्यांसाठी वेगळा ॲक्सिलरेटेड बीएसएन असतो, साधारण बारा ते अठरा महिन्यांचा. दमछाक तेवढीच, पण शेवटी हातात बॅचलर्स. आपली तीन वर्षांची पदवी काही विद्यापीठं धरतात, काही धरत नाहीत, म्हणून आधी वेस (परदेशी पदव्या तपासणारी संस्था) हिच्याकडून ट्रान्सक्रिप्टचं, म्हणजे गुणपत्रकाचं, मूल्यमापन करून घे आणि मग ॲडमिशनवाल्यांना विचार. हे महाग पडतं, खरंय. पण नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये 2017 चा कायदा आहे, नव्या आरएनला दहा वर्षांत बॅचलर्स करावीच लागते. मॅग्नेट, म्हणजे उत्तम नर्सिंगचा मान मिळालेल्या हॉस्पिटलांत नर्स मॅनेजर व्हायलाही ती लागते. असोसिएट करून नोकरीत राहून बीएसएन करणाऱ्याही पुष्कळ आहेत, मी त्यातलीच. हॉस्पिटलने फी दिली, वर्षाला 5,250 डॉलरपर्यंत त्यावर टॅक्स लागत नाही. फक्त नाइट ड्यूटी, घर आणि ऑनलाइन असाइनमेंट हे तिन्ही एकदम, हे ध्यानात घे.

पैशांचं एक. ग्रीन कार्ड आलंय, त्यामुळे फाफसा, म्हणजे शिक्षणासाठीच्या सरकारी मदतीचा अर्ज, भर. पण पेल ग्रँट (परत न करायची सरकारी मदत) धरून चालू नकोस, ती पदवी झालेल्यांना नसते आणि परदेशातली पदवीही त्यात मोजतात. कर्ज मिळू शकेल.

आणि हो, क्लिनिकलच्या आधी टीबीची टेस्ट मागतील. तुझ्या दंडावर बीसीजीचा वण आहे, कातडीवरची टेस्ट त्यामुळे उगीच पॉझिटिव्ह येऊ शकते. सरळ रक्ताची टेस्ट मागून घे. माझे दोन आठवडे एक्स-रे काढण्यात गेले होते.

माझं मत विचारशील तर या फॉलला फॉर्म भरू नकोस. येत्या समरमध्ये कम्युनिटी कॉलेजात ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचा पहिला भाग घे. पाच-सहा आठवड्यांत संपवतात, म्हणजे वेग तुझ्या सोळा महिन्यांवाल्या कोर्सचाच. पिल्लू दोन वर्षांचं, नवरा रोज ट्रेनने मॅनहॅटनला. त्या सहा आठवड्यांत पाळणाघरातून फोन आला की कोण धावतं, रात्री भांडी कोण घासतं, हाडांची नावं तू कुठे बसून पाठ करतेस, ते सगळं कळेल. बी प्लस आला आणि घरात कोणी कोणाशी अबोला धरला नसेल, तर खुशाल घाईचा कोर्स घे. नाहीतर दोन वर्षांचा. तो विषय लागणारच आहे, त्यामुळे पैसे फुकट जाणार नाहीत.

सांगलीला तुझ्या भावाला फोन करून ट्रान्सक्रिप्टच्या मागे लाव, तिथे वेळ लागतो. रविवारी मी घरी आहे, ये. ते ब्रोशरही आण. मागच्या पानावर तळाशी अगदी बारीक अक्षरात काहीतरी छापलं होतं, मला रांगेत चष्म्याशिवाय वाचता आलं नाही.

तुझी,
काकू